झेंड्यातला मधला तुकडा

चारशे झेंडे. लाल, पांढरा, हिरवा असे तीन आडवे पट्टे, लांबी दीड मीटर, आणि प्रत्येकाच्या बरोबर मध्ये बावीस सेंटिमीटरचं गोल भोक, 'कडा आत दुमडून व्यवस्थित शिवलेली'. कागदावर पालिकेचा शिक्का होता. एटेल्का बोदनारनं तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

"हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं?" तिनं विचारलं.

"का हो मावशी, काय झालं?" युदित म्हणाली. युदित ही त्या शिवणकाम संस्थेची मुकादम. वय एकतीस, म्हणजे एकोणीसशे छप्पन साली बुडापेस्ट रशियन सत्तेविरुद्ध उठलं तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. "तेवीस ऑक्टोबरला पस्तीस वर्षं होतात. सगळ्या रस्त्यांवर लावायचेत."

"भोकाला कुणी हेम घालतं का? अगं, पोरांनी ते पाव कापायच्या सुऱ्यांनी फाडलं होतं! तो हातोडा, ते कणीस, तो तारा आमच्या झेंड्यावर नको म्हणून फाडलं. ते फाटकंच असतं."

"पण धागे सुटतात ना. वाऱ्यावर आठ दिवसांत चिंध्या होतील. पालिका म्हणते, दरवर्षी हेच वापरायचे."

"दरवर्षी हेच," एटेल्का म्हणाली. "धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. वा!"

एटेल्कामावशीचं डोकं फिरलं की गप्प बसायचं, हे संस्थेत आलेल्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवलं जाई. तिला निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. तोंड फटकळ, पण बोटं अशी की तिनं घातलेली हेम उलटी करून बघितली तरी सुलटी कोणती ते कळू नये. गोल कडेला हेम घालणं सोपं नसतं. कापड जरा ताणलं की चुण्या पडतात. चारशे गोल भोकं शिवू शकेल अशी संस्थेत एकच बाई होती, आणि ते युदितला माहीत होतं, पालिकेला माहीत होतं आणि एटेल्कालाही माहीत होतं.

तिनं पहिला झेंडा ओढून घेतला. खडूनं गोल काढला, कात्री लावली. मधला तुकडा टेबलावर पडला, कोरा पांढरा. आता त्याच्यावर काही छापलेलं नव्हतं. भोक पाडायचं म्हणून पाडायचं. तिनं तो तुकडा मुठीत चुरगळला आणि कचऱ्याच्या डब्यात असा भिरकावला की शेजारची मुलगी दचकली.

शिवणारी बाई कापडाचा तुकडा कधी टाकत नाही, असं म्हणतात. एटेल्काचं उलटं होतं. चौतीस वर्षांत तिनं एकही तुकडा ठेवला नव्हता. बोटभर चिंधीसुद्धा ती संध्याकाळी डब्यात टाकून मगच घरी जाई. बाकीच्या बायका उरलेल्या कापडाच्या उशा करत, बाहुल्या करत. तिच्या घरात तसलं काही नव्हतं. कुणी विचारलं की ती म्हणे, "पसारा आवडत नाही मला." आणि विषय बदले.

तुकडा ठेवल्यामुळे तिचा भाऊ फासावर गेला होता.

छप्पन साली एटेल्का एकोणीस वर्षांची होती आणि आंब्रुश एकवीसचा. बाप दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या डॉन नदीच्या काठी राहिला, परत आलाच नाही. आईनं दोघांना शिवणकामावर वाढवलं. एटेल्का अजूनही राहत होती त्याच अनेक बिऱ्हाडांच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या सज्जावरची दोन खोल्यांची जागा. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात शहराला वेढा पडला तेव्हा सगळं घर सात आठवडे कोळशाच्या तळघरात होतं. वर तोफा चालत आणि खाली आईनं चादरी फाडून दोन्ही पोरांना पट्ट्यांना कड घालायला बसवलं होतं, म्हणजे पोरं रडणार नाहीत. एटेल्का सातची, तिचे टाके मुंगीच्या पावलांचे. आंब्रुशचे वेडेवाकडे. "तू बाई आहेस, तुला येणारच," तो चिडून म्हणायचा. "आणि तू गाढव आहेस, तुला नाहीच येणार," ती म्हणायची.

मोठा झाल्यावर आंब्रुश ट्रामच्या कारखान्यात लेथवर लागला. ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात एका दुपारी तो धापा टाकत सज्जावरून आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर झेंडा टाकला. कारखान्याच्या फाटकावरचा सरकारी झेंडा. सगळं शहर रस्त्यावर होतं आणि सगळ्या झेंड्यांची पोटं फाडलेली होती.

"सुरी दे," तो म्हणाला.

"सुरी? हे कापड बघितलंस का? सुरीनं ओढलंस की पार काठापर्यंत उसवेल. सरक बाजूला."

तिनं कात्री काढली. आधी खडूनं गोल काढला. आंब्रुश दोन्ही हातांनी कापड ताणून उभा आणि तोंडाची टकळी चालू: "लवकर कर गं. खाली लॉरी उभी आहे. क्रांती चाललीय, तुझा लग्नाचा झगा नाही शिवायचा." तिनं मधलं सरकारी चिन्ह कापून काढलं, आणि मग सुई ओवली.

"आता काय करतेस?"

"कड घालते."

"भोकाला?"

"धागे सुटतील."

तो हसला, इतका की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. बसला आणि वाट बघत राहिला. पंधरा मिनिटं. खाली लॉरीचा भोंगा वाजत होता, आणि ती लाल दोऱ्यानं, घरात तोच होता म्हणून, मुंगीच्या पावलांचे टाके घालत होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, पुरे आता." पण तिला अर्धवट काम टाकणं जमायचं नाही. त्या आठवड्यात बुडापेस्टमध्ये हजारो झेंड्यांना भोकं पडली. कड घातलेलं भोक एकच होतं.

मधला तुकडा राहिला. जाड, चांगलं कापड, आणि त्या काळात कापड काही रस्त्यावर पडलेलं नव्हतं. तिनं छापलेली बाजू आत घालून त्याची चौघडी केली, वरून जुन्या घोंगडीचे दोन थर लावले, त्याच लाल दोऱ्यानं त्याच टाक्यांनी कडा शिवल्या आणि गरम भांडं उतरवायचं फडकं केलं. चुलीशेजारच्या खुंटीला टांगलं. "आता यांचा हातोडा आमची भांडी उचलेल," आंब्रुश म्हणाला. घरात सगळे हसले. बारा दिवस सगळं शहरच हसत होतं. मग चार नोव्हेंबरला पहाटे रशियन रणगाडे परत आले.

पोरांनी कारखान्यासमोर रस्त्यात रचलेला अडथळा दोन दिवस टिकला. आंब्रुश जिवंत घरी आला. झेंडा तिथेच खांबाला राहिला.

डिसेंबरात देझो चिसार त्यांच्याकडे कोळशाची यादी घेऊन आला. चिसार म्हणजे घराचा रखवालदार. फाटकाची किल्ली त्याच्याकडे, आणि कोण कुणाकडे आलं, किती वेळ बसलं, हे सगळं त्याच्या डोक्यात. चाळिशीचा, गोडबोल्या माणूस. तेव्हा तो फाटकाजवळच्या ओल्या अंधाऱ्या खोलीत राहायचा आणि बायकोच्या खोकल्याचं रडगाणं गायचा. आईनं त्याला घेवड्याच्या सूपला थांबवून घेतलं, कारण थंडी होती आणि माणूस दारात होता. पातेलं मोठं होतं. एटेल्का उठली तर तो म्हणाला, "बस पोरी, मी उतरवतो." खुंटीवरचं फडकं त्यानं घेतलं, पातेलं उतरवलं, आणि मग फडकं उलटंसुलटं करून बघितलं. अंगठ्यानं कडेवरचे टाके चाचपले.

"काय नीटनेटकं काम आहे गं तुझं," तो म्हणाला.

एकोणीस वर्षांच्या मुलीला ते बरं वाटलं. पुढे आयुष्यभर तिला स्वतःच्या त्या बरं वाटण्याची चीड येत राहिली.

जानेवारीत पोलीस आले. चौघं होते. त्यांनी ना कपाट उघडलं, ना गाद्या उलथल्या, ना आईला एक प्रश्न विचारला. स्वयंपाकघरात शिरले, सरळ खुंटीवरून फडकं काढलं आणि खिशातल्या चाकूनं उसवलं. आतून कणीस निघालं, हातोडा निघाला. आंब्रुश कोट घालत म्हणाला, "माझं आहे ते. मीच कापलं आणि मीच शिवलं." एटेल्का तोंड उघडणार तोच आईनं तिचा दंड असा धरला की आठ दिवस काळानिळा होता.

खटल्यात सरकारी वकिलानं झेंडा टेबलावर पसरला आणि तुकडा भोकात ठेवला. झाकण बसावं तसा बसला. लाल दोरा तोच, टाके तेच. झेंडा याचा, म्हणजे टोळी याची, म्हणजे म्होरक्या हा. अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. आईला कागद आला नाही, कपडे आले नाहीत, जागा सांगितली नाही. ती वर्षातून दोनदा विचारायला जायची आणि खिडकीमागचा माणूस म्हणायचा, "या नावाचं इथे कुणी नाही." चौऱ्याहत्तर साली ती गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं की तिचा मुलगा शहराबाहेरच्या कबरस्तानात, पार कोपऱ्यात, डांबरी कागदात तारेनं बांधून पालथा पुरलाय. एकोणनव्वद साली तो कोपरा उकरला तेव्हा एटेल्काला ते समजलं. तोंड खाली करून पुरला होता. मेल्यावरही त्यांचं समाधान झालं नव्हतं!

आणि चिसार? सत्तावन्नच्या वसंतात चिसार त्या ओल्या खोलीतून रस्त्याकडच्या दोन खोल्यांत राहायला गेला. दोन खिडक्या, लाकडी जमीन. बायकोचा खोकला थांबला.

चौतीस वर्षं एटेल्का त्या खिडक्यांवरून गेली. लग्न केलं, ते चार वर्षांत मोडलं, आणि परत याच घरात आईपाशी आली. रोज सकाळी चिसार फाटकात उभा. "शुभ प्रभात, एटेल्का." आणि ती म्हणायची, "शुभ प्रभात, चिसारकाका." म्हणायला लागायचं. आधी भीतीनं, मग सवयीनं. पण खरं कारण दोन्ही नव्हतं. फडक्याबद्दल बोलायचं तर पहिला प्रश्न येणार: तुकडा ठेवला कुणी? ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पाद्र्याला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की बोदनारांकडे काहीतरी सापडलं होतं.

राजवट बदलली आणि नव्वद साली शिक्षा रद्द झाली. कोर्टानं तिला एक कागद दिला, त्यात लिहिलं होतं की आंब्रुश बोदनारला ज्यासाठी मारलं तो गुन्हाच नव्हता. आता सांगताय! मग तिला खटल्याचं जुनं दप्तर बघायला दिलं. पिवळ्या कागदांच्या मध्ये टाचणीनं टोचलेली कापडाची एक पट्टी होती, बोटभर रुंद, तीन बोटं लांब. शेजारी टाइप केलेलं: 'आरोपीस सुईदोरा देऊन कथन तपासले. आरोपीस शिवणकाम येते.'

एका कडेला लाल दोऱ्याची हेम होती. वेडीवाकडी. सुरुवातीचे टाके घोड्याएवढे आणि मग हळूहळू लहान, लहान, शेवटचे चार तर जवळपास मुंगीच्या पावलांचे. आपल्या बहिणीसारखं शिवायचा प्रयत्न केला होता त्यानं, त्यांच्यासमोर, मारानं हात सुजलेले असताना. तळघरात शिकलेलं. आणि त्यांनी ते मान्य केलं, कारण त्यांना एक मान हवी होती, कुणाचीही चालली असती.

एटेल्का दप्तरखान्यातून बाहेर आली आणि ट्राम न घेता चालत घरी गेली. फाटकात चिसार होता. "नमस्कार, एटेल्का," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं उत्तर दिलं नाही.

हे सगळं पोटात घेऊन ती आता चारशे भोकं शिवत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालिकेचा शल्लाई नावाचा तरुण माणूस घराच्या चौकात आला. त्यानं सगळ्यांना गोळा केलं. फाटकाच्या कमानीत आंब्रुशच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार होती. बायका रडल्या. एटेल्काही रडली. मग शल्लाई म्हणाला, "पाटीचं अनावरण घरातल्याच एखाद्या ज्येष्ठ माणसानं करावं, असं आमचं मत आहे. चिसारकाकांनी स्वतःहून तयारी दाखवली आहे. त्या दिवसांत त्यांनी तळघरात तीन जखमी पोरांना लपवलं होतं."

"कोणत्या तळघरात?" एटेल्कानं विचारलं.

"आपल्याच," चिसार म्हणाला. आता तो शहात्तरचा होता. हातात काठी, कोटाच्या कॉलरला लाल-पांढरी-हिरवी फीत.

"नावं काय होती त्यांची?"

"नावं विचारायची वेळ होती का ती, पोरी?"

"तुम्ही तर घरात मांजर शिरलं तरी नाव विचारायचात!"

दोनतीन जण हसले. शल्लाई अवघडून कागद चाळायला लागला. एटेल्का म्हणाली, "हा माणूस पाटीला हात लावणार नाही."

"पण कारण सांगा ना, बोदनारबाई," शल्लाई म्हणाला. "कारणाशिवाय मी कसं काय...?"

सगळे तिच्याकडे बघत होते. चिसारही बघत होता, शांतपणे. ती जिना चढून वर गेली आणि दार असं आपटलं की त्याची काच तडकली.

थोड्या वेळानं चिसार वर आला. दोन मजले, काठी टेकत. दारातच उभा राहिला.

"चिडू नकोस, एटेल्का. आपण आता दोघंही म्हातारे. मी कधी तुझं वाईट बोललो का? चौतीस वर्षांत तुकड्याचं मी कुणाजवळ काढलं नाही. लोकांना वाटतं, आंब्रुशनं ठेवला असेल. वाटू दे. पोरगी होतीस, चूक झाली. ती कशाला चव्हाट्यावर आणायची?"

आणि तो हसला. वर उपकार! भावाला विकून झालं, खिडक्या मिळवून झाल्या, आणि आता हा तिच्या अब्रूची राखण केल्याचं श्रेय मागायला आला होता. एटेल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यातली इस्त्री उचलून त्याच्या डोक्यात घालावी, असं तिला वाटलं, अगदी खरंखुरं वाटलं. तिनं हात पाठीमागे धरले.

"जा," ती म्हणाली. "जिना उतरताना पडलात तर मी उचलायला येणार नाही."

तेवीस तारखेला दुपारी चार वाजता सगळं घर कमानीत जमलं. थंडी पडली होती. बायकांनी शेवंतीची फुलं आणली होती आणि मुलांच्या हातांत मेणबत्त्या दिल्या होत्या. पाटीवर झेंडा टांगलेला, चारशेपैकीच एक, मधोमध गोल भोक, कडा सुरेख शिवलेली. युदितही मुद्दाम आली होती. "मावशी, तुमचं काम कसं उठून दिसतंय बघा," ती हळूच म्हणाली. एटेल्कानं तिच्याकडे असं बघितलं की बिचारी दोन पावलं मागे सरली.

शल्लाई बोलला. शूर पिढी, विसरता न येणारे दिवस, सगळं बोलला. मग चिसार पुढे झाला. त्यानं टोपी काढली, एका हातात झेंड्याची दोरी धरली आणि घसा साफ केला.

"आंब्रुश माझ्या मुलासारखा होता," तो म्हणाला.

"थांबा," एटेल्का म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण कमानीत घुमला. ती पुढे येऊन पाटीखाली उभी राहिली.

"मला कारण विचारलं होतं. सांगते. झेंडा मी कापला. आंब्रुशनं नाही, मी. भोकाला कड घातली ती मी. आणि मधला तुकडा ठेवला तोही मीच. चांगलं कापड होतं, टाकवेना. भांडं उतरवायच्या फडक्यात घालून शिवला आणि खुंटीला टांगला. त्या तुकड्यावरून त्यांनी माझ्या भावाला फाशी दिली. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवला, आणि मी तोंड शिवून बसले. चौतीस वर्षं बसले. ही माझी चूक. आता सगळ्यांना कळलं. आता कुणाला माझी अब्रू राखायला नको."

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कोवाचबाईनं तोंडावर रुमाल धरला होता.

"ते आले तेव्हा त्यांनी काही शोधलं नाही," एटेल्का म्हणाली. "सरळ खुंटीकडे गेले. ते फडकं आमच्या तिघांशिवाय एकाच माणसाच्या हातात गेलं होतं. माझी चूक मी सांगितली, चिसारकाका. आता तुमची सांगा."

"हे बघ, आज सणाचा दिवस..." चिसार म्हणाला.

"सांगा."

"बोदनारबाई, हे नंतर, ऑफिसात..." शल्लाईनं मध्ये तोंड घातलं.

"तू गप्प रे!" कोवाचबाई त्याच्यावर ओरडली. "दप्तरं तुमच्या ऑफिसातच सडली इतकी वर्षं. सांग रे देझो!"

चिसारनं सगळ्यांकडे बघितलं. ज्यांच्यासाठी त्यानं फाटक उघडलं होतं, ज्यांची पत्रं त्याच्या हातून गेली होती, ती सगळी तोंडं त्याच्याकडे बघत होती.

"मी काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्यांनी बोलावून घेतलं. झेंडा पुढे टाकला आणि विचारलं, तुमच्या भागात असं कोण शिवतं. आत काय आहे ते मला काय माहीत? मी फक्त एवढंच म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं काम नीटनेटकं आहे, तिचं खुंटीवरचं फडकं बघा. नीटनेटकं आहे म्हटलं मी. यात वाईट काय म्हटलं?"

"काही नाही," एटेल्का म्हणाली. "नीटनेटकंच होतं. म्हणून तर जुळलं."

तिनं त्याच्या हातातून दोरी काढून घेतली आणि ओढली. झेंडा तिच्या खांद्यावर पडला. पाटीवर लिहिलं होतं: आंब्रुश बोदनार, लेथ कामगार, वय तेवीस. ती वाचता वाचता तिचे हात आपोआप झेंड्याची घडी घालायला लागले. दोन घड्या झाल्यावर ती थांबली. तिनं झेंडा पुन्हा उलगडला, कोटाच्या खिशातून छोटी कात्री काढली, आणि भोकाच्या कडेचा पहिला टाका तोडला.

चिसार काठी सावरत आपल्या दाराकडे वळला.

"उभे राहा," ती वर न बघता म्हणाली. "माझं काम व्हायचंय अजून."

टाके बारीक होते. उसवायला वेळ लागला. एकेक तोडून ती दोरा ओढत होती आणि कडेचे धागे मोकळे होऊन लोंबायला लागले होते. कुणी घरी गेलं नाही. पोरांच्या हातांतल्या मेणबत्त्या अर्ध्या झाल्या. शेवटचा टाका निघेपर्यंत देझो चिसार टोपी हातात धरून पाटीसमोर उभा होता.